'जॉब' या शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे?

संहिता_कोथरूड

नमस्कार. आयटीआयमध्ये टर्नर आणि फिटर हे ट्रेड शिकणाऱ्या मुलांसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी हस्तपुस्तिकेचा मराठी अनुवाद मी गेले तीन महिने करते आहे. ही मुले जुन्नर, मावळ, मुळशी, पुरंदर अशा भागांतून येतात, त्यांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झालेले असते आणि पहिल्याच सत्रात हातात इंग्रजी पुस्तक पडल्यामुळे त्यांतली बरीच जण गप्प होऊन बसतात. म्हणून हे काम मला महत्त्वाचे वाटते.

परवा मी एका पानावर अडले. त्या एका पानात 'जॉब' हा शब्द पाच वेळा आला आहे. पहिल्या ठिकाणी तो चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरायचा धातूचा तुकडा आहे. दुसऱ्या ठिकाणी 'या जॉबला चार तास लागतील' असे म्हटले आहे, म्हणजे तिथे तो नेमून दिलेले काम आहे. तिसऱ्या ठिकाणी जॉब कार्ड आहे, चौथ्या ठिकाणी कामावर असतानाच घ्यायचे प्रशिक्षण आहे आणि पानाच्या शेवटी नोकरीच्या संधी आहेत. मी पाचही ठिकाणी 'काम' असे लिहून मसुदा एका निदेशकांना, म्हणजे आयटीआयतल्या शिक्षकांना, वाचायला दिला. त्यांनी समासात एवढेच लिहून परत पाठवले : "'काम चकमध्ये घट्ट पकडा' हे वाचून मुलगा मशीनसमोर नुसता उभा राहील."

मराठीत या शब्दासाठी एकच प्रतिशब्द शोधणे योग्य आहे की निरनिराळे वापरावेत, की 'जॉब'च ठेवावा? ज्यांच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द आहे, त्यांनी तो आपल्याकडे कसा वापरतात ते कृपया लिहावे.

चकवाला_भोसरी

ताई, मी सत्तावीस वर्षे भोसरी एमआयडीसीत लेथवर काम केले आणि आता स्वतःचा लहान कारखाना चालवतो. तुमच्या निदेशकांचे म्हणणे बरोबर आहे. आमच्याकडे 'जॉब' हा शब्द सरसकट कोणत्याही लोखंडाला लावत नाहीत. बारमधून कापून आणलेला तुकडा म्हणजे 'मटेरियल'. तो चकमध्ये बसला, डायल लावून सेंटरला आणला, की तो 'जॉब' होतो. तपासणीत पास होऊन तेल लावून पेटीत गेला की तो 'पीस' किंवा 'पार्ट', आणि नापास झाला तर 'रिजेक्शन'. कारागिराचा हात ज्याच्यावर चालू आहे, तेवढ्यापुरताच तो जॉब असतो. हा फरक आम्हाला कोणी शिकवला नाही, तो कानावर पडून पडून बसला.

यावरून घडलेला एक प्रसंग सांगतो. लग्नाला वर्षही झालेले नव्हते. त्या वेळी मी दुसऱ्यांच्या कारखान्यात टर्नर होतो. ८० मिलिमीटर व्यासाचा एक शाफ्ट होता, बेअरिंग जिथे बसते तिथे २० मायक्रॉनच्या आत माप राखायचे होते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सकाळपासूनची मेहनत, संध्याकाळी शेवटचा कट घेतला, मायक्रोमीटर लावला, माप अगदी बरोबर. पण जॉब तेव्हा हाताला चटका बसेल इतका तापलेला होता. घाई होती म्हणून थांबलो नाही, शाफ्ट काढून ठेवला. तासाभराने तपासणीवाल्याने मोजला तर माप ३० मायक्रॉनने कमी. पोलाद थंड होताना आकसते हे मला ठाऊक होते, तरीही चूक झाली. मी घरी फोन करून एवढेच सांगितले की, "आज जॉब गेला, यायला उशीर होईल." नवा तुकडा लावून रात्री साडेअकराला घरी पोचलो, तर आईने देव पाण्यात घातलेले, बायकोचे डोळे सुजलेले आणि चिंचवडहून मेहुणा येऊन बसलेला. माझी नोकरी गेली असे त्यांनी धरले होते. त्या दिवसापासून घरात मी 'नग बिघडला' असेच म्हणतो.

खिळेघर_नारायणपेठ

वरील अनुभव वाचून वडिलांचा छापखाना डोळ्यांसमोर आला. छपाईच्या धंद्यात कामाचे दोन भाग असत, एक बुकवर्क आणि दुसरे जॉबवर्क. पुस्तके आणि मासिके हे बुकवर्क. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले, बिलबुके, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या हे सगळे जॉबवर्क. आमच्यासारखे पेठेतले लहान छापखाने जॉबवरच जगत. मोठ्या छापखान्याला एक पुस्तक तीन महिने पुरायचे, आमच्याकडे लग्नसराईत एका दिवसात सात-आठ जॉब ट्रेडल या छपाईयंत्रावर चढून उतरत.

छापून झाले की फर्मा, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची चौकट, सोडायचा, खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) रॉकेलने पुसायचे आणि एकेक खिळा पुन्हा केसमध्ये आपापल्या खणात टाकायचा, कारण तेच खिळे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पत्रिकेला लागायचे. अक्षता पडायच्या कितीतरी आधी त्या पत्रिकेचा जॉब मोडलेला असे आणि 'चि.सौ.कां.'चे खिळे पुढच्या घरच्या कार्याला जुंपलेले असत. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून मी ते खिळे खणांत टाकत असे. त्यामुळे 'जॉब' म्हटले की आजही मला ठरावीक मुदतीचे, पैसे ठरवून घेतलेले, संपले की मोडायचे काम एवढेच सुचते. नोकरी हा अर्थ मला पुढे कॉलेजात कळला.

एक गोष्ट नमूद करतो. छापखान्याने टाइपाला 'खिळा' म्हटले, कंपोझिटरला 'जुळारी' म्हटले, प्रुफांना 'मुद्रिते' म्हटले. इतके चांगले मराठी शब्द घडवणाऱ्या धंद्याने 'जॉब' मात्र तसाच ठेवला.

मायबोध_सातारारस्ता

माझा याला स्पष्ट विरोध आहे. काम, नोकरी, चाकरी, धंदा, व्यवसाय, पेशा, उद्योग, रोजगार, मजुरी असे नऊ शब्द मराठीत असताना दहावा परका शब्द पाठ्यपुस्तकात कशासाठी? 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांनी दिलेले शब्द सुरुवातीला अनेकांना जड वाटले होते आणि आज ते कोणाला खटकत नाहीत. पुस्तकात जो शब्द छापला जातो, तोच पुढची पिढी बोलते. चकमध्ये पकडायच्या तुकड्यासाठी 'कार्यखंड' असा शब्द करावा, असे मी सुचवतो. दोन वर्षांत तो मुलांच्या तोंडी बसेल.

कोशवाचक

मायबोध यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, परंतु त्यांच्या यादीतील शब्दांची कुळे पाहावीत. 'काम' हा संस्कृत 'कर्म' आणि प्राकृत 'कम्म' या वाटेने आलेला आपला शब्द आहे. 'चाकरी', 'पेशा', 'रोजगार' आणि 'मजुरी' हे फारसीतून आले. 'नोकर' हाही फारसीतून आला, पण त्याचे मूळ मंगोल भाषेत आहे आणि तिथे 'नोकोर' म्हणजे सरदाराचा साथीदार, त्याच्या बरोबरीने घोड्यावर बसणारा. साथीदाराचा नोकर होईपर्यंत त्या शब्दाने केवढा प्रवास केला हे मनात आणावे. आपल्या 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' या म्हणीतही शेवटचा शब्द परकाच आहे आणि ती म्हण त्यामुळे कमी मराठी झालेली नाही.

आता 'जॉब'विषयी. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो आणि तेव्हा तो एकटा न येता 'कामाचा जॉब' असा, म्हणजे 'कामाचा तुकडा' या अर्थाने येतो. गोळा किंवा ढेकूळ या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाचे ते रूप असावे असा तर्क केला जातो. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात तो हलका शब्द म्हणून नोंदवला आणि त्याची व्युत्पत्ती आपल्याला सांगता येत नाही असेही लिहून ठेवले. त्याने अर्थ दिला तो किरकोळ, फुटकळ कामाचा. त्याच काळात सार्वजनिक पदाचा उपयोग करून स्वतःची तुंबडी भरण्यालाही इंग्रजीत 'जॉब'च म्हणत. कायमची पगारी जागा हा अर्थ त्या मानाने पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकात रुजला.

याचा अर्थ असा की, भोसरीचे टर्नर आणि नारायण पेठेतले मुद्रक ज्या अर्थाने हा शब्द वापरतात तो त्याचा जुना, मूळचा अर्थ आहे. 'मुलाला जॉब लागला' असे आपण घरोघरी म्हणतो तो अर्थ अलीकडचा. मला हे शोधताना फार आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहिले.

गिरणगावची_लेक

माझे बालपण परळला गेले, लग्नानंतर पुण्यात आले. आमच्या घरात 'जॉब' नव्हता, 'जॉबर' होता. कापड गिरणीत प्रत्येक खात्यावर जॉबर असे आणि एके काळी कामगार भरती करणे, रजा देणे, कामावरून काढणे हे सगळे त्याच्या हातात असे. नोकरीला लावल्याबद्दल तो दस्तुरी घेई. कामगार बहुधा त्याच्याच गावचे, त्याच्याच खोलीत किंवा चाळीत राहणारे असत, त्यामुळे गावाकडची नाती आणि गिरणीतली हुकमत एकत्र येत. कामगारांच्या स्थितीविषयी नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असे सुचवले.

माझे आजोबा बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत घेतले जायचे, नाहीतर परत यायचे. आजी सांगत असे की, ते दारातून परत आले की न बोलता कोपरीची घडी करून खुंटीवर ठेवत आणि त्या घडीवरून तिला कळे. कोशवाचक यांनी सांगितलेला 'तुकडा' हा अर्थ मला म्हणूनच पटकन समजला. त्या घरात काम दिवसादिवसाच्या तुकड्यांनीच येत असे. आजोबांनी त्याला कधीही नोकरी म्हटले नाही. "आज काम मिळाले" किंवा "आज मिळाले नाही" एवढेच ते म्हणत.

सौदेबाज_टिळकरस्ता

जॉबर शेअरबाजारातही होता. लंडनच्या बाजारात दलाल गिऱ्हाइकाचे काम करी आणि जॉबर स्वतःच्या नावावर खरेदी-विक्री करून भाव देई. हा भेद तिथे २७ ऑक्टोबर १९८६ रोजी संपला. मुंबईच्या बाजारात अशा माणसाला 'तारवणीवाला' म्हणत. स्क्रीनवर व्यवहार सुरू झाल्यावर तो शब्द मागे पडला, पण दिवसभरात थोड्या नफ्यावर घेण्या-विकण्याला आजही 'जॉबिंग' म्हणतात.

जमाखर्च_धनकवडी

हिशेबनिसाच्या बाजूने एक महत्त्वाचा अर्थ राहिला आहे. 'जॉबवर्क' हा शब्द कायद्यातच आहे. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम २(६८) नुसार दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या मालकीच्या मालावर केलेली प्रक्रिया म्हणजे जॉबवर्क. माल देणाऱ्याचा, मेहनत आपली. चाकण-भोसरीतले असंख्य लहान कारखाने यावरच चालतात : मोठी कंपनी कास्टिंग पाठवते, हा त्याला भोके पाडतो, पुढचा पॉलिश करतो, तिसरा प्लेटिंग करतो. पाठवलेला कच्चा माल एक वर्षात आणि भांडवली माल तीन वर्षांत परत आला पाहिजे, नाहीतर तो पहिल्याच दिवशी पुरवला असे धरून कर लागतो. मुदत वाढवून मिळण्याची सोय आहे, पण तो वेगळा विषय.

जुन्या एक्साइजच्या दिवसांत याच कामाच्या चलनाला, म्हणजे मालासोबतच्या कागदाला, नियमाच्या क्रमांकावरून सगळे 'सत्तावन्न एफ चार' म्हणत आणि टेंपोवाल्यांनाही तो आकडा पाठ असे. मराठीत या प्रकाराला 'मजुरीकाम' हा शब्द आमच्या व्यवहारात आहे. जुने कारखानदार "मजुरीवर करून देतो" असेच म्हणतात आणि तो शब्द अर्थाला चोख आहे. अनुवादात जॉबवर्क आले तर संहिताताईंनी तो जरूर वापरावा.

रात्रपाळी_हिंजवडी

आमच्याकडचा जॉब माणूस करत नाही. बँकेच्या व्यवहारांची दिवसअखेरची बेरीज, व्याजाची आकारणी, ग्राहकांना जाणारे संदेश, अशी कामे रात्री ठरलेल्या वेळी संगणक आपोआप करतो आणि त्या प्रत्येक कामाला 'जॉब' म्हणतात. हा वापर जुना आहे. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकांना कामे सांगण्यासाठी जी भाषा होती तिच्या नावातच 'जॉब' होता आणि ती आजही बँकांत वापरली जाते. संगणकाला सूचना देणाऱ्या, भोके पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा म्हणजे एक जॉब, असा त्या काळचा हिशेब. म्हणजे इथेही तुकडाच.

रात्री तीनला फोन वाजतो आणि "जॉब फेल झाला" असे कोणीतरी सांगते. त्यावर अवलंबून असलेले पुढचे तीस जॉब थांबलेले असतात आणि सकाळी बँक उघडण्यापूर्वी ते सगळे पूर्ण व्हावे लागतात. चकवाला यांच्या घरी जे घडले ते आमच्याकडे खोलीत झोपलेल्या मित्राच्या बाबतीत घडले आहे. तो दचकून उठला आणि "कोणाचा गेला?" असे विचारू लागला. त्या महिन्यात कंपनीत खरोखरच कपात चालू होती, त्यामुळे त्याला समजावताना मलाही वाईट वाटले.

सर्व्हिसिंग_वारजे

गॅरेजमध्ये जॉब कार्ड गाडीचे असते. गाडी आत घेताना किलोमीटर, पेट्रोलचा काटा, ओरखडे आणि तक्रारी त्यावर लिहितात.

ग्रामरोजगार_जुन्नर

वारज्याच्या दादांचे वाचून लिहावेसे वाटले. आमच्या गावात जॉब कार्ड माणसांचे असते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस मजुरीचे काम मागण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी कुटुंबाला जे पुस्तक मिळाले त्याला गावात सगळे 'जॉब कार्ड' म्हणू लागले. त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने स्वतःचा रोजगार हमीचा कायदा केला होता आणि ती कल्पना वि. स. पागे यांची. त्या योजनेच्या नावात 'रोजगार' आहे, 'नोकरी' नाही, आणि हा शब्द फार विचाराने ठेवला आहे असे मला वाटते. रोजगार म्हणजे रोजचे काम आणि रोजची मजुरी.

मी ग्रामरोजगार सेवक म्हणून कार्डांच्या नोंदी केल्या आहेत. एकदा एका आजीबाईंनी कार्ड हातात घेऊन विचारले, "यात माझा जॉब कुठं लिहिलाय?" त्यांचा नातू पुण्याला जॉबला होता आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, म्हणून त्यांनाही तसेच काहीतरी मिळाले आहे अशी त्यांची समजूत झाली होती. मी त्यांना सांगितले की, तुम्ही काम मागायचे, १५ दिवसांत ते मिळाले पाहिजे, नाही मिळाले तर भत्ता मागायचा. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग याला कामाचं पुस्तक म्हण की." त्यानंतर मी त्या गावात 'कामाचे पुस्तक' असेच म्हणत आले आणि कोणाचा घोटाळा झाला नाही. संहिताताई, शब्द वाचणाऱ्याला घोटाळ्यात टाकत नाही ना, एवढे जरूर पाहा.

निदेशक_औंध

मी याच क्षेत्रात निदेशक आहे. मुलगा पहिल्या आठवड्यात फाइलिंग, म्हणजे कानशीने घासणे, शिकतो. एमएस फ्लॅटचा (पोलादी पट्टीचा) तुकडा, त्यावर मार्किंग, सेंटर पंच, हॅकसॉ, मग फाइलने चारही बाजू काटकोनात. गुण्या लावून उजेडाकडे धरला आणि मधून उजेड दिसला नाही की बाजू सरळ झाली. तो तुकडा त्याचा पहिला 'जॉब'. त्यावर स्वतःचा क्रमांक ठोकतो आणि जमा करतो. काही मुले तो परत मागून घरी नेतात आणि आईला दाखवतात. 'जॉब' हा शब्द त्या मुलाला पुस्तकाच्या आधी हाताने कळलेला असतो, तो पुस्तकातून काढून घेऊ नये अशी माझी विनंती आहे. 'कार्यखंड' छापला तर मुलांना मशीनजवळ एक आणि परीक्षेत दुसरा असे दोन शब्द पाठ करावे लागतील.

मात्र उरलेल्या चार ठिकाणी 'जॉब' ठेवण्याचे काहीही कारण नाही.

मायबोध_सातारारस्ता

निदेशकांनी सांगितलेला तो पहिला तुकडा आणि आईला दाखवणारा मुलगा, हे वाचून मी माझा आग्रह मागे घेतो. तुकड्यासाठी 'जॉब' राहू द्या. परंतु 'जॉब लागला', 'जॉब सोडला' या जागी 'नोकरी' हाच शब्द छापावा, याबद्दल मी ठाम आहे. तिथे आपल्याला शब्दाची उणीव नाही.

खिळेघर_नारायणपेठ

सहमत. आणि पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असेल तर तिथे 'कार्यखंड' कंसात द्यायला हरकत नसावी. शब्द रुजायचा असेल तर तिथून रुजेल.

संहिता_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस अडलेले पान आज पूर्ण झाले. चकमध्ये पकडायच्या तुकड्याला 'जॉब' ठेवला आहे आणि तो पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात व्याख्या दिली आहे : 'ज्या तुकड्यावर यंत्राने किंवा हत्याराने काम चालू आहे, तो तुकडा.' ही व्याख्या चकवाला यांच्या प्रतिसादातून घेतली आहे. चार तासांच्या जॉबचे 'काम' केले. जॉब कार्डसाठी जुन्नरच्या ताईंना स्मरून 'कामाची नोंदपत्रिका' असे लिहिले आणि पुढे एकदा 'जॉब कार्ड' दिले, कारण कारखान्यात मुलांच्या हाती तेच येणार आहे. चौथ्या जागी 'कामावरचे प्रशिक्षण' आणि पाचव्या जागी 'नोकरीच्या संधी'. 'कार्यखंड' सूचीत आहे. 'मजुरीकाम' पुढच्या प्रकरणात येईल.

चकवाला_भोसरी

ताई, एक विनंती आहे. मापनाच्या प्रकरणात जागा असेल तर हे वाक्य ठळक अक्षरांत घ्या : 'शेवटचा कट घेतल्यावर जॉब थंड होऊ द्यावा आणि मगच मायक्रोमीटर लावावा.'

संहिता_कोथरूड

घेतले.